बाबांची 'इम्युनिटी' वाढवू नका

काल संध्याकाळी पुन्हा एक पिशवी आली. शेजारच्या मासींनी त्यांच्या कडुलिंबावर चढलेल्या गळोच्या, म्हणजे आपल्या गुळवेलीच्या, कांड्या तोडून आणल्या होत्या. "कंपवामां बहु सारुं," म्हणाल्या; म्हणजे बाबांच्या कंपवाताला, पार्किन्सनला, फार चांगलं. रोज काढा दिला की इम्युनिटी वाढेल. किती मायेने आणल्या होत्या! मी ठेवून घेतल्या, पण काढा केला नाही. का केला नाही ते इथेच लिहिते. इथे बडोद्यात दांडिया बाजारात भेटेल त्याला वेगळं समजावून सांगणं आता मला होत नाही.

बाबांचा पार्किन्सन हात थरथरण्यापासून सुरू झालाच नाही. कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठ होतं. मग वास येईनासा झाला. एकदा गॅसवर तूप कढत ठेवलेलं करपलं, आम्ही आतल्या खोलीतून धावत आलो, आणि बाबा ओट्याशेजारीच पेपर वाचत बसलेले. नंतर झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं. नंतर उजवा खांदा धरला. तो वर्षभर 'फ्रोजन शोल्डर' म्हणून शेकत बसलो. सही मुंगीएवढी झाली म्हणून बँकेतून चेक परत आला, तेव्हा कुठे न्यूरॉलॉजिस्ट गाठला. खांदा तपासणाऱ्याने एकदा जरी बाबांना चालायला लावलं असतं, तरी चालताना उजवा हात हलत नाही हे दिसलं असतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

निदानानंतर मी वाचायला लागले. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पट्टा असतो, हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन तयार करणारा. हालचालींत दोष दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. त्या का मरतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा थेट रोगप्रतिकारशक्तीकडे जातो.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. एरवी त्या राखण करतात, मेलेल्या पेशी उचलतात. १९८८ साली कॅनडात पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर या दांपत्याने, सहकाऱ्यांसह, पार्किन्सनने गेलेल्यांचे मेंदू तपासले. नेमक्या त्या काळ्या पट्ट्यात या पेशी खवळलेल्या सापडल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात भेसळीच्या अमली पदार्थातून एमपीटीपी नावाचं विष शरीरात गेलेल्या तरुणांना पार्किन्सनसारखी लक्षणं झाली होती. त्यांच्यातल्या काहींचे मेंदू पुढे तपासले, तर विषाला बरीच वर्षं उलटूनही मायक्रोग्लिया शांत झालेल्या नव्हत्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. विष केव्हाच संपलं होतं, आणि आत धुमसणं चालूच होतं.

२०१७ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीचं दुमडून पेशींत साठतं. काही रुग्णांच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याच प्रथिनाचे तुकडे ओळखून चिडतात, हे न्यूयॉर्कचे डेव्हिड सुल्झर आणि कॅलिफोर्नियातल्या ला होयाचे अलेस्सांद्रो सेट्टे यांच्या गटाने दाखवलं. म्हणजे घरच्याच वस्तूला परकं समजून अंगावर धावून जाणं. हा दाह, म्हणजे प्रतिकारपेशींचं हे खवळणं, आजाराची सुरुवात करतो की लागलेली आग वाढवतो, यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण आगीत त्याचा हात आहे, याबद्दल मला आता शंका वाटत नाही.

मग सांगा, यात 'वाढवायचं' काय? कोरोनापासून आपण इम्युनिटीला पाण्याची टाकी समजून बसलो आहोत: कमी झाली, भरा. इथे राखणदारच घरात आग लावत असतील, तर त्यांना आणखी चेतवायचं? शिवाय काढा निरुपद्रवीच असतो असंही नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरी मी बाबांच्या यकृतावर प्रयोग करणार नाही. खाजकुइलीच्या बियांची पूडही कुणी पाठवू नका. त्यात लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामिन होतं ते औषध, खरंच असतो, आणि म्हणूनच ती त्याच औषधाच्या, सिंडोपाच्या, गोळीवर डॉक्टरांना न विचारता चढवणं धोक्याचं आहे.

उलट्या बाजूचाही मोह नको. दाह आहे ना, मग रोज आयबुप्रोफेन ही दुखण्या-सुजेवरची गोळी घ्या, असं एका नातेवाइकांनी सुचवलं. त्याने पोट आणि मूत्रपिंडं बिघडू शकतात. दाह थांबवून पार्किन्सन रोखणारं मान्यताप्राप्त औषध आज तरी नाही. संशोधन जोरात चालू आहे आणि मी रोज त्याची वाट पाहते.

आज हातात आहे ते वेळेवर गोळी आणि व्यायाम. मासी, तुम्हाला खरंच काही द्यायचं असेल तर संध्याकाळी सहाला सुरसागरच्या काठाने आमच्याबरोबर चाला. बाकीच्यांनीही या. फक्त चालताना बाबांना काही विचारू नका. उत्तर द्यायला गेले की त्यांचे पाय जागीच थबकतात. फेरी संपून बाकावर बसलो की मग हव्या तेवढ्या गप्पा मारा.