परराष्ट्र धोरण ‘आपला विषय नाही’? लासलगावात येऊन सांगा

एक मत सध्या वेगवेगळ्या शब्दांत सगळीकडे फिरतंय. आशय असा: सामान्य भारतीयाला परराष्ट्र धोरणातलं काही कळत नाही. रात्री टीव्हीवर जे ओरडलं जातं तेच त्याचं मत होतं, आणि मतदानाच्या दिवशी तेही तो विसरतो. तेव्हा हा विषय जाणकारांवर सोडावा. शिकलेली, भली माणसंही हे पुढे पाठवतायत, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

‘काही कळत नाही’ इथपासून सुरुवात करतो. मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला; लासलगावची कांदा बाजारपेठ आमचीच. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आमच्या भागातले लिलाव थांबले, शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. ते दिवस लाल कांद्याचे. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत भरून ठेवता येत नाही. काढला की विकावाच लागतो. आमचे नाना भरलेल्या ट्रॉलीच्या फळीला टेकून उभे होते. म्हणाले, “ढाक्याचं गिऱ्हाईक उपाशी थोडंच बसणारे? ते दुसऱ्या देशाचा माल धरील. मग आपण परत गेलो की भाव पाडून मागील.” नाना सातवी शिकलेले आहेत. त्यांना नकाशात ढाका दाखवता येईल की नाही, मी कधी विचारलं नाही. पण शेजारी देशाचा भरवसा तुटला की काय होतं, हे त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं.

कांदा हा परराष्ट्र धोरणाचा विषय कसा, असं कुणी म्हणेल. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अशीच बंदी आली होती. त्यानंतर आठवड्याभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात त्यांनी सांगितलं, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हटलंय. हसत बोलल्या, पण बोलल्या. २०२४ च्या मार्चमध्ये बंदी चालू असतानाच सरकारने बांगलादेशसाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन कांद्याला परवानगी दिली, तीही एका सरकारी सहकारी संस्थेमार्फत. हे संबंध सांभाळणंच होतं. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांनाही हे निराळं सांगायला नको. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं, त्याची झळ वरूड-मोर्शीच्या बागांना बसली.

आता टीव्ही. या आरोपात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. २०२५ च्या मे महिन्यात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं. वाहिन्यांनी त्या रागात तेल ओतलं, खरंय. पण तेव्हा लोक काय म्हणत होते ते आठवा. २०२३ च्या भूकंपात आपण ‘ऑपरेशन दोस्त’ काढून मदत पाठवली, आणि त्याची ही परतफेड? हा हिशेब तुम्हाला पटो न पटो, त्यात दोन वर्षांपूर्वीची आठवण आहे. निव्वळ आरडाओरड्यातून आलेल्या मतात ती नसते.

टीव्हीचं खरं फावतं ते जिथे आपला काही संबंध येत नाही तिथे. सुदानबद्दल मला स्वतःचं मत नाही. ज्याच्यावर माझा विश्वास आहे, त्याचं मी उसनं घेतो. कुणी पक्षाचं घेतो, कुणी दुबईतल्या भाच्याचं. जाणकार मंडळीही आपल्या विषयाबाहेर हेच करतात. उलट संबंध असला की माणूस बातमीची वाट बघत बसत नाही. १९९० मध्ये कुवेतवर इराकने हल्ला केल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणलं गेलं. कोकणात घरटी आखाती नोकऱ्या असलेली गावं आहेत. तिथल्या लोकांना युद्ध कळलं ते परत आलेल्या माणसांच्या तोंडून.

मतदानात याचा उपयोग नसतो, म्हणे. २०२४ च्या लोकसभेला आमच्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार हरल्या. एकट्या कांद्याने हरल्या असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी आमच्या पारावर दुसरा विषय नव्हता.

राहिलं ते ‘जाणकारांवर सोडा’. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवण्याचा निर्णय जाणकारांचाच होता. ती १९९० मध्ये परत आली तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते. जाणकार नकोत असं मी म्हणत नाही, ते हवेतच. पण आपल्याकडे बहुतेक आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची मंजुरी घेणं सरकारवर बंधनकारक नाही. तिथे लोकांनीही गप्प बसायचं ठरवलं, तर विचारणार कोण?

मागे एका कामासाठी पालघर जिल्ह्यात गेलो होतो. तिथले बरेच जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात हद्द चुकली की पाकिस्तानच्या ताब्यात सापडतात. भारत-पाकिस्तानात २००८ चा एक करार आहे. त्याप्रमाणे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. एका घरातला माणूस असाच तिकडे कैदेत होता. तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरवर या दोन्ही तारखांना पेनाने गोल केलेले होते. त्या घरची बाई अंगठा करणारी. धाकट्या मुलाकडून तिने करार वाचून घेतला होता. मला म्हणाली, “भाऊ, शिक्षा संपली आणि आपला माणूस म्हणून ओळख पटली, की महिन्याभरात सोडायचं, असं त्यात लिवलंय. मग शिक्षा संपल्यावरचं याचं दीड वरीस कशात मोजायचं?”