‘गाठ काढलीच होती, मग एवढे स्टेन कशाला?’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आईच्या अंडाशयातली गाठ ऑपरेशनने निघाली होती, तरी आम्ही दोनदा आयएचसी (अँटिबॉडीने पेशींतली प्रथिनं रंगवून दाखवणारे स्टेन) लावून बिल वाढवलं आणि रिपोर्टला आठवडा घालवला, असं तुमचं म्हणणं आहे. आईचं निदान इथे चारचौघांत लिहिणार नाही. पण हाच प्रश्न परळला आमच्या लॅबच्या काउंटरवर बरेच नातेवाईक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

गाठ अंडाशयात सापडली म्हणजे ती तिथेच सुरू झाली, असं नसतं. जठराचा किंवा आतड्याचा कॅन्सरही तिथे पसरतो. अंडाशयातच सुरू होणाऱ्या गाठीही एका जातीच्या नसतात: काही आवरणाच्या पेशींतून येतात, काही बीजपेशींतून, काही बीजाभोवतीच्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींतून. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर यातल्या काही इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या नजरेवर विसंबून मी सही करत नाही.

यातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींतून येणारा ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर घ्या. हा दुर्मीळ आहे. त्याच्या पेशींच्या केंद्रकावर कॉफीच्या बीसारखी खाच असते, पण ती प्रत्येक गाठीत ठळक दिसेलच असं नाही. मग गाठीच्या अतिशय पातळ, तीन-चार मायक्रॉनच्या कापावर ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी सोडतो. ज्या पेशीत ते प्रथिन आहे ती तपकिरी होते, बाकीच्या निळ्या राहतात. इनहिबिन, एसएफ-१, फॉक्सएल२ या प्रथिनांचे स्टेन तपकिरी आले आणि ईएमए या प्रथिनाचा आला नाही, तर ग्रॅन्युलोसाची बाजू भक्कम होते. एकटं कॅलरेटिनिन आलं तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही, ते इतर गाठींतही येतं. पहिल्या पॅनलचं, म्हणजे एकत्र लावलेल्या स्टेनच्या संचाचं, उत्तर हातात आल्याशिवाय दुसऱ्यात काय लावायचं तेच ठरत नाही. दोन बिलं झाली ती यामुळे, आणि दुसऱ्याआधी तुमच्या घरी फोन करून विचारलं होतं.

वेळेचंही तसंच. दर स्टेनबरोबर ओळखीच्या टिश्यूचा कंट्रोल, म्हणजे स्टेन नीट चढला का ते तपासायचा नमुना, असतो. तो नीट रंगला नाही तर आईची स्लाइड कितीही छान दिसो, ती रन बाद करून पुन्हा लावतो.

हे सगळं उपचारासाठी लागतं. ग्रॅन्युलोसा दहा-वीस वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून वर्षानुवर्षं इनहिबिनची रक्ततपासणी करत राहावी लागते. बीजपेशींच्या गाठीची केमो वेगळी. जठरातून आलेली असेल तर आधी एन्डोस्कोपी. पेशीचं मूळ चुकलं तर पेशंटला भलतीच औषधं सोसावी लागतात, आणि ते मला कुठल्याही घाईसाठी मान्य नाही.

ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड तुमच्याच आहेत. टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टची प्रत दाखवून काउंटरवरून घेऊन जा. स्वतः पाहायच्या असतील तर दुपारी तीननंतर या. आमच्या मायक्रोस्कोपला दोघांनी एकत्र बघायची सोय आहे, एकेक स्टेन मी दाखवीन.

— लॅबची मालक व पॅथॉलॉजिस्ट, परळ