जुने कपडे नकोत, आधी कागद बघा
चर्चनी निर्वासितांना कशी मदत करावी यावरच्या लेखात बायबलच्या मत्तय २५ मधला परक्याला घरात घेण्याचा दाखला योग्य जागी आलाय. पण ठाण्यातल्या चर्चनी निर्वासितांसाठी जुने कपडे गोळा करावेत, ही त्यातली सूचना काही पटली नाही. निवडायला माणसं नसतात, मग गाठोडी हॉलच्या कोपऱ्यात कुबट होतात. खरं घोडं अडतं कागदांवर. भारताने १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड हातात असूनही भाड्याचं घर, बँक खातं, सिमकार्ड मिळवताना दमछाक होते. (फाळणीनंतर उल्हासनगरला आलेल्या सिंधी कुटुंबांना नागरिकत्व होतं, हा फरक विसरू नये.) घरमालक तयार झाला तर त्याच्यासोबत बसून, परदेशी माणूस राहायला आल्याचं सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) २४ तासांत ऑनलाइन भरा. तो भरायचा राहिला की मालक कचाट्यात सापडतो आणि कुटुंबाला घर सोडायला सांगतो. शाळेसाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ छापून न्या: वयाचा पुरावा नाही म्हणून ६ ते १४ वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. परदेशातून देणगी येणार असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. बाळांना पावडरचं दूध तर सरसकट वाटूच नका; पाणी उकळायची सोय नसेल तर जुलाब ठरलेले.