पायथागोरसातला रस

काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा असतो, हे मी आजवर 84 वेळा शिकवलंय. 21 वर्षं गुणिले दहावीच्या 4 तुकड्या. जादा तास वेगळे, आणि झोपेतली बडबडही वेगळी. ती घरच्यांनी मोजलीय.

डोंबिवलीहून लोकलने येताना 'पुढील स्टेशन, करी रोड' म्हणणाऱ्या बाईंचा मला हेवा वाटतो. रोज तेच, तेही तीन भाषांत, पण आवाजात कंटाळ्याचा लवलेश नाही. अर्थात त्यांना मधेच कुणी 'बाई, हे पेपरात येणार का?' असं विचारत नाही.

प्रमेयाचं एक वेळ ठीक आहे, खरा छळ विनोदाचा. 'अरे, पायथागोरसात रस आहे, तुम्हीही थोडा घ्या!' हा माझा ठेवणीतला विनोद. पहिल्या तासाला 'अ'मध्ये हशा. तिसऱ्या तासाला 'क'मध्ये पहिले दोन बाक. मधल्या सुट्टीत विनोद जिन्यावरून खाली उतरतो, आणि जेवणानंतर 'ड'मध्ये मी 'पायथागोरसात' म्हणायचा अवकाश, अख्खा वर्ग 'रस आहे!' म्हणून मोकळा.

2018 साली दहावीचं पुस्तक बदललं तेव्हा आशा पालवली होती. उघडून बघते तर दुसऱ्याच प्रकरणात हे गृहस्थ हजर. मग उत्साह टिकवण्याच्या प्रशिक्षणाला गेले. तज्ज्ञांनी गेल्या वर्षीच्याच स्लाइड दाखवल्या.

यंदाही 'ड'मध्ये बौधायनाचं सांगून झालं. शुल्बसूत्रात हा नियम पायथागोरसच्या आधीच आहे, शुल्ब म्हणजे दोरी, तिने यज्ञवेदी आखत, वगैरे. (इतकी वर्षं दोरीबद्दल सांगतेय, वर्गात वीतभर सुतळी नेली असेल तर शपथ.) मग नेहमीप्रमाणे खोलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हा बघा काटकोन."

शेवटच्या बाकावरचा मुलगा उठला. वर्षभरात पहिल्यांदाच. "बाई, तो गुण्यात नाहीये."

त्याचे बाबा गवंडी. एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, तिरपं बरोबर पाच आलं तरच कोपरा गुण्यात, हे त्याला लहानपणापासून पाठ. कर्ण वगैरे माहीत नव्हतं. शिवणाच्या बाईंची टेप मागवली. टेप 60 इंचांची, म्हणजे पाच फूट. त्याने खडूने खुणा केल्या, दोघांनी टेप ताणून धरली. टेप संपली, तरी पलीकडची खूण इंचभर लांबच!

वर्गात जल्लोष. 21 वर्षं ज्याच्याकडे बोट दाखवून मी काटकोन शिकवला, तो काटकोनच नव्हता. मला राग यायला हवा होता. पण तास संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी स्वतःची टेप घेऊन, छाती फुगवून 'अ'मध्ये शिरले. "आज आपण एक गंमत करू..."

"कोपरा मोजायचाय ना, बाई? 'ड'वाल्यांनी काल सगळी शाळा मोजली. आपला बरोबर आहे. मोठ्या सरांची केबिन सगळ्यात वाकडी."

"कितीने?" मी विचारलं.