इंजिन घेताना इंधनाचा खरा भाव कोण धरतो?

आमच्या नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर तेजस या आपल्या लढाऊ विमानाचा विषय निघाला की दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, अमेरिकेचं इंजिन बसवलेलं विमान स्वदेशी कसं, आपल्याच कावेरी इंजिनाच्या मागे नीट उभे राहिलो असतो तर आज कुणाच्या दारात थांबावं लागलं नसतं. दुसरी बाजू म्हणते पेट्रोल शंभरीपार गेलंय, आणि एवढं तेल पिणारी विमानं आपल्याला परवडतात का ते आधी बघा. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला एचएएलच्या नाशिक कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं तेव्हा मी इथे अमेरिकेत रात्री जागून तो व्हिडिओ पाहिला, ऊर भरून आला, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर परत तेच भांडण. राग येण्यासारखं कारणही आहे म्हणा, कारण ऑगस्ट २०२१ मध्ये जीई या अमेरिकी कंपनीला ९९ इंजिनांची ऑर्डर दिली ५,३७५ कोटींची, आणि त्यातलं पहिलं इंजिन हातात पडलं मार्च २०२५ च्या शेवटी, तोवर विमानांचे सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट बघत होते.

पण मला दोन्ही बाजूंना एकच सांगायचंय. तुम्ही इंजिनाची खरेदीची किंमत बोलता नाहीतर इंधनाचा पंपावरचा भाव बोलता, आणि खरा खर्च या दोन्हीत दिसत नाही.

मी राहते इंडियानातल्या कोलंबस गावात, कमिन्स या इंजिन कंपनीमुळे इथे पुण्याकडची इतकी कुटुंबं आहेत की गणपतीत मराठीच जास्त कानावर पडतं. माझं काम डिझेल इंजिनांच्या टेस्टिंगचं. ट्रकवाला इंजिन घेताना पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा विचारतो, कारण त्याला माहितीये की इंजिनाचे पैसे एकदाच जातात आणि डिझेलचे रोज जातात. इथून तासाभरावर इंडियानापोलिसला रोल्स-रॉइसचा कारखाना आहे, पूर्वीचा अ‍ॅलिसनचा. तिथे सध्या ज्या इंजिनाचं काम चाललंय त्याची गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक वाद घालणाऱ्याला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ते इंजिन बी-५२ बॉम्बरसाठी आहे. शेवटचं बी-५२ बनलं १९६२ मध्ये, आणि आजही अमेरिकेकडे ७६ विमानं आहेत, प्रत्येकाला आठ जुनी टीएफ-३३ इंजिनं. १९९६ मध्ये बोइंगने प्रस्ताव दिला की आठ काढून चार मोठी, कमी इंधन खाणारी इंजिनं लावू. हवाई दलाने हिशोब केला आणि सांगितलं परवडत नाही, इंधनाच्या बचतीतून पैसे वसूल होत नाहीत. आता गंमत बघा, त्या हिशोबात इंधनाचा भाव धरला होता डेपोमधला, म्हणजे साधारण एक डॉलर गॅलन. आणि हे विमान तर हवेतच टँकर विमानातून तेल भरून घेत लांब लांब जातं! २००१ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्याच डिफेन्स सायन्स बोर्डाने, म्हणजे सल्लागार मंडळाने, मांडलं की तेच गॅलन हवेत पोचवलं की साडेसतरा डॉलरला पडतं, कारण त्यात टँकर विमान आलं, त्याचा क्रू आला, त्याचं मेंटेनन्स आलं, ते टँकर स्वतः जे तेल जाळतं ते आलं. साडेसतरा पट! पुढे याच बोर्डाच्या एका अभ्यासगटाने आधीचा हिशोब चुकला असं सांगून इंजिनं बदलाच अशी शिफारस केली, तरी प्रत्यक्ष निवड व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडलं. आता रोल्स-रॉइसची एफ-१३० इंजिनं लागणार आहेत, आठच्या जागी आठ, म्हणजे ६०८ आणि वर स्पेअर, इंधन साधारण ३० टक्के कमी लागेल असा अंदाज आहे. तेही रखडलंय, नव्या इंजिनांची विमानं कामाला लागायला २०३३ साल येईल असं आता सांगतात. म्हणजे एका चुकीच्या भावापायी पंचवीस वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं जुनी इंजिनं तेल पीत राहिली.

हे सगळं मी वाचू शकते कारण इथे हे अहवाल कुणालाही उघडून बघता येतात. आपल्याकडे कॅग आहे, कावेरीवर कॅगने लिहिलंयही आणि स्पष्ट लिहिलंय, १९८९ मध्ये मंजूर झालेलं इंजिन वजनाला ठरल्यापेक्षा जड आणि थ्रस्टला, म्हणजे विमान पुढे ढकलण्याच्या ताकदीला, कमी भरलं, २००८ मध्ये तेजसपासून वेगळं केलं. पण इंधन विमानापर्यंत पोचवण्याचा खर्च धरून कुठलं इंजिन आपल्याला किती वर्षांत केवढ्याला पडेल, ही चर्चा संसदेत किंवा टीव्हीवर झालेली मी तरी ऐकली नाही.

आणि आपल्याला तर ती अमेरिकेपेक्षा जास्त लागू आहे. हवेत तेल भरणारी इल्युशिन-७८ आपल्याकडे सहाच. लेहला तेल जायचं तर घाट चढून टँकर जाणार, रस्ता बंद होण्याआधी हिवाळ्याचा साठा करायचा, आणि सियाचेनच्या वरच्या चौक्यांवर रॉकेलसुद्धा हेलिकॉप्टरने पोचवायचं. तिथल्या एका लिटरचा भाव रिफायनरीच्या भावाशी काहीच नातं सांगत नाही.

'आधी इंजिन बनवा, इंधनाचं नंतर बघू' असं म्हणणाऱ्यांनाही एक सांगते. हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. तेजसचं जीईचं एफ-४०४ इंजिन आफ्टरबर्नर लावल्यावर, म्हणजे मागच्या झोतात आणखी इंधन जाळल्यावर, थ्रस्ट दीडपटीच्या थोडा वर देतं, पण इंधन तिपटीहून जास्त जाळतं. आफ्टरबर्नरशिवाय जितकं जास्त काम निघेल तितकं ते विमान जास्त वेळ हवेत राहतं, आणि ते काढायचं तर आतला दाब आणि टर्बाइनचं तापमान वर न्यावं लागतं, त्यासाठी सिंगल क्रिस्टल ब्लेड (धातूच्या एकाच स्फटिकाची, जास्त उष्णता सोसणारी पाती), कोटिंग, कूलिंग, सगळं आलं. कावेरी अडकलं ते नेमकं याच भागात. म्हणजे ज्या विद्येने इंजिन स्वतःचं होतं त्याच विद्येने ते कमी पितं.

आता फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नवीन इंजिन करायचं ठरलंय, राजनाथ सिंहांनी ऑगस्ट २०२५ मध्ये तसं सांगितलं. मला त्याबद्दल आशा वाटते, खरंच वाटते. पण करारात इंजिनाच्या गरम भागाचं, म्हणजे इंधन जळतं तिथलं आणि टर्बाइनचं, डिझाइन बदलायचा हक्क आपल्याकडे राहिला पाहिजे, नाहीतर वीस वर्षांनी तेच इंजिन कमी इंधनात चालवायचं ठरवलं तर परत परवानगी मागत बसावं लागेल. आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीत जे खासदार बसतात, त्यात आपले मराठी खासदारही असतात, त्यांनी एवढं विचारावं: हे इंजिन निवडताना इंधनाचा भाव कुठला धरलात, रिफायनरीतला की लेहच्या धावपट्टीवरचा?