आयसीयूचा परवाना यात मिळत नाही

पीडिअ‍ॅट्रिक नर्स प्रॅक्टिशनर (मुलांना तपासून उपचार करणारी, जादा शिक्षण घेतलेली नर्स) झालं की ‘क्लिनिक असो वा आयसीयू, अमेरिकेत कुठेही काम करता येतं’ असं लेखात लिहिलंय. ते चूक आहे, आणि हे वाचून कुणी भलत्याच कोर्सला अर्ज करू नये म्हणून लिहितेय. प्रायमरी केअर (दवाखान्यातली नेहमीची तपासणी आणि उपचार) आणि अक्यूट केअर (गंभीर आजारी मुलांचे उपचार) असे दोन वेगळे मार्ग आहेत. अभ्यासक्रम वेगळा, परीक्षाही वेगळी. मी प्रायमरी केअरवाली. माझ्याकडे येतात ते वाढीचे तक्ते, लसी, कानदुखी, दमा, अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यातलं ऑटिझमचं स्क्रीनिंग आणि रात्रभर न झोपलेल्या आया. व्हेंटिलेटरवरचं बाळ माझ्या प्रशिक्षणात बसत नाही. त्यासाठी दुसरं सर्टिफिकेट लागतं.

आणि क्लिनिकल तासांबद्दल, म्हणजे शिकताना प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याच्या तासांबद्दल, लेखात एक ओळ नाही! अमेरिकेच्या २०२२ च्या राष्ट्रीय निकषांत किमान ७५० तास आहेत, पूर्वी ५०० असायचे. हे तास ज्याच्या हाताखाली करायचे तो प्रिसेप्टर बऱ्याच युनिव्हर्सिटींत विद्यार्थ्यानेच शोधायचा असतो. आमच्याकडे फी पूर्ण घेतली आणि प्रिसेप्टरच्या बाबतीत मात्र हात वर केले. नोकरी सांभाळून दवाखान्यादवाखान्यांत फोन करत बसले होते मी, बहुतेकांनी परत फोनसुद्धा केला नाही. (पुढे टेक्साससारख्या राज्यात औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, ते आणखी वेगळंच.) प्रवेश घेण्याआधी कॉलेजला सरळ विचारा, प्रिसेप्टर तुम्ही देणार की मी शोधायचा? उत्तर ईमेलवरच मागा.