‘पहिल्यांदाच’ या शब्दाविषयी

आमच्या इंदूरमधल्या एका तरुण सर्जनने गेल्या महिन्यात आपला शोधनिबंध छापायला पाठवण्यापूर्वी मला वाचायला दिला. पोटातला ड्रेन (शस्त्रक्रियेनंतर आतला द्रव बाहेर काढणारी नळी) निसटू नये म्हणून टाका बांधण्याची एक सोपी पद्धत त्यात होती. काम नेटके होते, आकडे प्रामाणिक होते. मात्र दुसऱ्याच परिच्छेदात “ही पद्धत पहिल्यांदाच मांडली जात आहे” असे वाक्य आले आणि मी तिथे अडकलो, कारण जवळजवळ असाच टाका एका जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माझ्या विद्यार्थिदशेत एका भारतीय नियतकालिकात आकृतीसह छापला होता. विचारले तर म्हणाला, “काका, पबमेडवर काहीच सापडलं नाही.” पबमेड म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची.

यात लबाडी नव्हती, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. जुन्या अंकांपैकी कितीतरी आजही फक्त ग्रंथालयाच्या कपाटात आहेत आणि एम.एस.चे प्रबंध परीक्षा झाली की धूळ खात पडतात. त्यामुळे लहान गावात, लहान नियतकालिकात लिहिणाऱ्याचेच श्रेय आधी बुडते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा आरंभ अनेक वर्षे फ्रान्समधील फिलिप मूरे यांच्या १९८७च्या शस्त्रक्रियेपासून सांगितला जाई. वास्तविक जर्मनीतल्या बोब्लिंगेन या छोट्या शहरात एरिक म्यूहे यांनी ती १२ सप्टेंबर १९८५ रोजीच केली होती आणि १९८६ मध्ये जर्मन सर्जनांच्या अधिवेशनात मांडलीही होती. तिथे त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. त्याच संघटनेने त्यांचा गौरव केला तो १९९२ मध्ये.

याउलट इंग्रज सर्जन जोसेफ कार्प्यू यांचे उदाहरण पाहावे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीपासून पुन्हा घडवल्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये आली. कार्प्यूंनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत हिंदुस्थानातली असल्याचे स्वच्छ लिहिले. मात्र मूळ हकिकतीत शस्त्रक्रिया करणाऱ्याची ओळख विटा घडवणाऱ्या जातीतला माणूस एवढीच आहे. पद्धतीला श्रेय मिळाले, माणसाचे नाव तेवढे राहून गेले. (कावसजीचे नाव मात्र टिकले. रुग्णाचे राहते आणि सर्जनचे जाते, असे क्वचितच होते.)

हे लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. माझ्या पहिल्या निबंधात मी एका पद्धतीला “आमची पद्धत” म्हटले होते. ती मला एका वरिष्ठांनी रात्रीच्या ड्यूटीत हात धरून शिकवली होती. त्यांनी ती कुठे छापली नव्हती, म्हणून त्यांचा उल्लेख करायची गरज मला वाटली नाही. आभाराच्या दोन ओळींत ते सहज मावले असते. त्यांनी मला त्याबद्दल कधी विचारले नाही आणि मीही त्यांच्या हयातीत विषय काढला नाही.

त्या मुलाला मी ग्रंथालयात पाठवले. तिसऱ्या दिवशी त्याने बांधीव खंडातल्या पानाचा फोटो पाठवला, आकृतीसह. निबंधातून ‘पहिल्यांदाच’ गेले आहे, आणि संदर्भसूचीत जिल्हा रुग्णालयातल्या त्या डॉक्टरांचे नाव पहिले आहे.